काच की पोलाद? हरणाच्या बाणाची गोष्ट

तण काढायच्या खुरप्याचे नाव संस्कृतातल्या 'क्षुरप्र' या शब्दापासून आले आहे. क्षुरप्र म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेचे. महाभारतात हेच एका बाणाचेही नाव आहे. ध्वज, धनुष्याची दोरी किंवा मस्तक तोडायचे असले की तिथे अनेकदा क्षुरप्र किंवा भल्ल येतो. बाणांची ही नावे वाचताना युद्धवर्णनाचा अलंकार समजून मी बरीच वर्षे पुढे जात राहिलो. पुढे प्रश्न पडला, की नुसते अणकुचीदार टोक आणि धारेचे पाते यांत फरक तो काय? त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला आपल्याकडे नव्हे, तर कॅलिफोर्नियातल्या एका शल्यचिकित्सकाच्या लेखनात मिळाले. त्याला ते उत्तर शिकवणारा माणूस मात्र निराळाच होता.

आधी फरक समजून घेऊ. बंदुकीची गोळी प्रचंड वेगाने आत शिरते आणि आजूबाजूच्या मांसाचीही नासधूस करते. बाण तिच्यापुढे अगदी संथ. तो मारतो तो रक्तवाहिन्या कापून. धारदार रुंद पाते हरणाच्या दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर ते थोडेसे धावून काही क्षणांत कोसळते. नुसत्या टोकाने पडलेले भोक मात्र आवळून मिटते. रक्त पुरेसे वाहत नाही, मागही लागत नाही आणि जखमी जनावर रानात दिवसचे दिवस तडफडते. म्हणजे बाणाला कोणते पाते लावायचे हा शिकाऱ्याच्या हौसेचा प्रश्न नाही. मरण क्षणांचे की दिवसांचे, हे त्यावर ठरते.

आता त्या शिक्षकाकडे वळू. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एका कत्तलखान्यापाशी भुकेने खंगलेला एक आदिवासी सापडला. वय पन्नाशीच्या आसपास. तो याही जमातीचा होता. १८४८ मध्ये त्या प्रदेशात सोने सापडले, गोरे वसाहतवाले लोंढ्याने आले आणि पुढच्या दोन दशकांत त्यांनी बंदुकांनी ही जमात जवळजवळ संपवली. उरलेली मोजकी माणसे डोंगरात लपून जगली. शेवटी हा एकटा राहिला. स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नाही, अशी त्याच्या लोकांची रीत. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'.

इशीला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक होते. ते इशीवर उपचार करता करता त्याचे मित्र झाले, आणि मग धनुर्विद्येतले शिष्य. इशी बाणाची टोके ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या नैसर्गिक काचेची करी. तळहातावर चामड्याचा तुकडा, त्यावर काच, आणि तिच्या कडेवर अणकुचीदार हत्याराचा दाब. एकेक कपची उडत जाई आणि पाते आकाराला येई. ते बाणाला हरणाच्या कंडरांच्या धाग्याने घट्ट बांधले जाई. शहरात आल्यावर तो फुटक्या बाटल्यांच्या रंगीत काचेचीही सुबक पाती करू लागला.

पोप यांनी डॉक्टराला शोभेल असे केले. त्यांनी परीक्षा घेतली. हरणाचे ताजे कातडे आणि त्यामागे जनावराचे काळीज असे लक्ष्य करून त्यांनी पोलादी पात्याचे आणि काचेच्या पात्याचे बाण त्यावर सोडले. काचेचे पाते अधिक खोल गेले. लोखंड हाती आले की दगड आपोआप मागे पडला, असे आपण शाळेत शिकलो. कातडे आणि मांस कापण्यापुरते तरी ते खरे नव्हते.

तरीही पोप आणि त्यांचे सोबती आर्थर यंग यांनी शिकारीसाठी पोलादच निवडले. कारण काच हाडावर आपटली की फुटते. पोलाद फुटत नाही आणि बोथट झाले तर कानशीने पुन्हा धारेला लावता येते. पोप यांनी १९२३ मध्ये शिकारीच्या धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले. यंग यांच्या अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट पाहून मिशिगनच्या फ्रेड बेअर यांना या विद्येचे वेड लागले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याने हरीण मारण्यासाठी वेगळा हंगाम ठरवला. १९५६ मध्ये बेअर यांनी 'रेझरहेड' हे पाते बाजारात आणले. त्यात दोन धारांच्या मुख्य पात्याला आडवे, बदलता येणारे ब्लेडसारखे पातळ पाते बसवता येई.

पुढे बाणाच्या वेगाबरोबर अडचणही वाढली. रुंद पाते उडताना वारा खाते आणि बाण वाकडा जातो. म्हणून मिटून राहणारी आणि आदळल्यावर उघडणारी पाती आली. ती सरळ जातात, जखमही रुंद करतात. पण उघडण्यात बाणाचा काही जोर खर्च होतो, आणि हलक्या धनुष्याला तेवढा जोर परवडत नाही. अखंड पाते खोल जाते, हाडही सोसते, पण बाण आणि पाते एका रेषेत बसवायला कष्ट पडतात. कापणे हवे की टिकणे, पोप यांच्यापुढचा हा जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. ब्रिटनने धनुष्याने हरीण मारण्यावर बंदी घातली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ही शिकार बेकायदा आहे.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. शहरी लोकांत येऊन त्याला पाच वर्षेही झाली नव्हती. पोप यांनी आपल्या पुस्तकात त्याला मनापासून गुरुस्थानी ठेवले आहे. पण १९६१ मध्ये अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांनी विक्रमांची नोंद ठेवण्यासाठी संस्था काढली, तेव्हा तिला नाव दिले 'पोप अँड यंग क्लब'. शिष्यांची नावे राहिली. ज्याच्या हातून ही विद्या त्यांच्यापर्यंत आली त्याचे खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते, आणि जे ठाऊक होते तेही पाटीवर आले नाही.

आपल्या क्षुरप्राचेही तेच. तो कुणी सोडला हे कवीने नोंदवून ठेवले. पहिल्यांदा धार कुणी लावली, ते मात्र कुठेच लिहिलेले नाही.