स्त्री-आरोग्यशिक्षण : संकोचाकडून संवादाकडे

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी इतिहासातील एखाद्या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या माणसाने स्त्रियांच्या आरोग्यावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण त्याचे कारण कापडातच आहे. आयुष्यभर मी नवे कापड मोजून दिले. परंतु जुन्या पातळाचे तुकडे आयाबहिणी कशासाठी जपून ठेवतात आणि ते उन्हाऐवजी अंधाऱ्या कोपऱ्यात का वाळवतात, हे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. माझ्या मातोश्रींनी अंगावर काढलेले दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचले, तेव्हा फार उशीर झाला होता. या लेखाचे मूळ त्या मौनात आहे.

हे मौन मोडण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात फार पूर्वीपासून झाले. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. त्या दुःखातून त्यांनी वैद्यकशास्त्राचा ध्यास घेतला. १८८६ मध्ये अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. दुर्दैवाने १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

त्यानंतरचे मोठे नाव प्रा. र. धों. कर्वे यांचे. महर्षी कर्वे यांच्या या सुपुत्राने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले, म्हणजे या बाबतीत मुंबई जगाच्या मागे नव्हती. या कार्यापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, मासिक मात्र थांबले नाही. कर्व्यांची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही. तथापि शरीराचे ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा काळाने खरा ठरविला.

१९४९ मध्ये धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने मुंबईत कुटुंबनियोजनाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९५२ मध्ये भारत सरकारनेच हा कार्यक्रम हाती घेतला. तरीही घरातील मौन तसेच राहिले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ होत्या. पुढे डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून मुलामुलींशी मोकळा संवाद सुरू केला.

गडचिरोली दूर आहे, असे म्हणून आपण सुटू शकत नाही. आपल्या सुशिक्षित, संपन्न घरांतही मुलीला 'कावळा शिवला' एवढेच सांगितले जाते. बाजूला बसण्याच्या रूढीविषयी निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. तो विषय साधू-साध्वींचा आणि विद्वानांचा. परंतु दुखणे सांगू नये, अशी आज्ञा कोणत्याही शास्त्रात माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

आज साधने हाताशी आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील स्वदेशी लस पुण्यातच तयार झाली आणि २०२३ मध्ये उपलब्ध झाली. ती ९ ते १४ या वयात घेणे अधिक हितकारक असते. पण त्यासाठी आईला माहिती हवी, आणि वडिलांनी विषय निघताच उठून जाऊ नये!

आपल्या धर्माने आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली. आपल्या संस्थेच्या सभागृहात दरवर्षी मुली आणि मातांसाठी स्त्री-डॉक्टरांचे एक व्याख्यान व तपासणी ठेवली, तर औषधदान आणि ज्ञानदान एकत्र साधेल. आणि वयात येणाऱ्या मुलीच्या मनातील भीती गेली, तर अभयदानही घडेल. पहिल्या वर्षाचा खर्च मातोश्रींच्या स्मरणार्थ उचलण्याची माझी इच्छा मी विश्वस्त मंडळास कळविली आहे. सुवर्णमहोत्सवाची ही आठवण आपल्या लेकींच्या उपयोगी पडो.

जय जिनेंद्र!