हुनर घरचा, बाजार कोणाचा?
(नाशिक जिल्ह्यातील विणकरांच्या विक्रीव्यवहाराचा इतिहास)

नाशिक जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे बहुधा गोदावरीच्या काठापासून प्रारंभ करतात. पांडवलेणी, पेशवाईतील वाडे, कुंभमेळा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि अलीकडची द्राक्षे व कारखाने, इतक्यात पुस्तक संपते. जिल्ह्यातील कारागिरांना त्यात जागा मिळते ती एखाद्या परिच्छेदापुरती. येवल्यास पैठणी होते, मालेगावास लुगडी होत, नाशिकच्या तांबट आळीत भांडी घडत, वगैरे. कारागीर काय करीत होता एवढे त्यावरून समजते. परंतु त्याने केलेला माल कोणी विकला आणि आलेल्या पैशातून त्याच्या घरी किती पोहोचले, याची विचारपूस फारशी कोणी केलेली नाही. प्रस्तुत लेखात ती थोडीबहुत करावयाची आहे.

हा विषय आताच निघण्याचे कारण वाचकांच्या डोळ्यांसमोर आहे. आज येवल्याचा विणकर मागावरून उतरलेल्या पैठणीचे छायाचित्र मोबाईलवर काढतो आणि ते पुण्यातील वा परदेशातील गिऱ्हाइकास घरबसल्या दिसते. पसंती कळते, पैसे खात्यात येतात, साडी कुरियरने जाते. आमच्या विद्यार्थी मित्रांना ही सारी किमया आजच्या युगाची वाटते. साधन नवे आहे यात शंका नाही. पण करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कोण उभा राहणार, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्याही आधीचा आहे.

प्रथम येवल्याकडे वळू. रघोजी नाईक यांनी हे गाव वसविले आणि रेशमाचा धंदा येथे रुजावा म्हणून गुजराती व्यापारी व विणकर यांना सवलती देऊन आणले, असे जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये नमूद आहे. या व्यापाऱ्यांनी पेशवे सरकारातून मक्त्याची सनद मिळविली. मक्ता याचा अर्थ असा, की ठराविक घराण्यांखेरीज इतरांनी त्या गावी रेशमाचा धंदा करावयाचा नाही. इंग्रजी अमलातही काही काळ हे चालूच राहिले. १८६४ साली न्यायालयाच्या निर्णयाने तो मक्ता मोडला आणि त्यानंतर धंद्यात बाहेरचे लोक शिरले. खत्री, साळी, कोष्टी आणि मुसलमान विणकर अशा अनेक जमातींचे हात त्या रेशमाला लागलेले आहेत. कोणत्याही एका समाजाने पैठणी ही आपली एकट्याची म्हणू नये.

मक्ता कागदावर मोडला तरी विणकर स्वतंत्र झाला असे मात्र घडले नाही. याचे कारण पैठणीच्या विणीतच सापडते. पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, आसावली वा कमळ हे छापलेले किंवा भरतकामाने भरलेले नसते. बाण्याचा एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावत नाही. नक्षीतील प्रत्येक रंगासाठी रेशमाची वेगळी तिल्ली असते आणि विणकर एकेक तिल्ली बोटांनी ताण्यातून काढून शेजारच्या रंगात अडकवीत जातो. म्हणून अस्सल पदर उलटसुलट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. असा पदर दिवसाकाठी इंचांच्या हिशेबाने पुढे सरकतो. साध्या साडीस काही आठवडे, भरगच्च पदराच्या साडीस कित्येक महिने लागतात. आता या महिन्यांत विणकराने खावे काय? रेशीम व जर आधी विकत घ्यावी लागते, पैसे मात्र साडी विकल्यावर येतात. मधल्या काळात ज्याने घरात धान्य भरले त्याच्याकडे साडी जावयाची, हे ठरलेले. भावाची बोलणी ही नुसती औपचारिकता उरे. माझ्या मते हातमागाच्या साऱ्या इतिहासाची किल्ली याच एका गोष्टीत आहे.

मालेगावची कथा याहून निराळी आणि आपल्या समाजाला अधिक जवळची. मोसम व गिरणा या नद्यांच्या परिसरात नारोशंकर राजेबहादूर यांनी अठराव्या शतकात भुईकोट किल्ला बांधला. १८१८ साली इंग्रजांविरुद्ध त्या किल्ल्यात अरब शिपाई शर्थीने लढले. पुढे येथे इंग्रजांची छावणी पडली. आणि १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून, बनारस, आझमगड, मऊ, अलाहाबाद या भागांतून, मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. त्यांच्यापैकी कोणी बुऱ्हाणपुरास थांबले, कोणी भिवंडीस गेले आणि पुष्कळजण मालेगावी स्थिरावले. मुंबई-आग्रा रस्ता गावातूनच जात असल्याने वाट विचारावी लागली नसेल! इकडच्या स्त्रियांचे लुगडे त्यांच्या मुलखातील वस्त्राहून वेगळे. नऊवारी लांबी, काठांची रीत, रंगांची आवड हे सारे त्यांनी येथे येऊन आत्मसात केले. घरी उर्दू बोलणाऱ्या माणसाने कुणब्याच्या लेकीचे लुगडे विणावे आणि तिने ते सणावाराला हौसेने नेसावे, हा आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील एक गोड व्यवहार आहे. त्याची नोंद पाठ्यपुस्तकांत नाही.

मालेगावच्या मागावर पैठणीसारखा महिनोन् महिने एकच नग अडकून पडत नसे. तरीही सूत उधारीवर आणावे आणि लुगडी त्याच पेढीवर घालावीत, हीच पद्धत. सुताचा भाव पेढीवाला सांगणार, लुगड्याचा भावही तोच सांगणार. विणकराच्या हाती राहे ती मजुरी, आणि बहुतेक वेळा कर्जाची वही.

याच सुमारास बाहेरच्या जगात एक मोठा फेरबदल चालला होता. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास आगगाडी धावली आणि १८६५ साली थळघाट खुला झाल्यावर मुंबईचा माल आपल्या जिल्ह्यातून थेट पुढे जाऊ लागला. रेल्वेने विलायती सूत आणि कापड गावोगाव पोहोचवून विणकरास जेरीस आणले, हे आपण शिकतोच. त्याच रेल्वेने टपालाचे पार्सलही आणले, हे सहसा कोणी सांगत नाही. टपाल खात्याने १८७७ साली व्ही.पी. पार्सलची पद्धत सुरू केली आणि १८८० साली मनीऑर्डर. व्ही.पी. म्हणजे काय हे आमच्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको, मुलांसाठी सांगतो. विकणाऱ्याने माल टपालात टाकावा, पोस्टमनने तो गिऱ्हाइकाच्या दारी न्यावा, पैसे घेऊनच हाती द्यावा, आणि ते पैसे टपाल खात्याने विकणाऱ्यास पाठवावेत. आज घरी माल आल्यावर पैसे देण्याची जी सोय आहे, ती याच व्ही.पी.ची नात होय. नाशिक रोडकरांना यात आणखी एका कारणाने रस वाटावा. १९२० च्या दशकापासून देशाची टपाल तिकिटे आपल्याच सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. आधी ती इंग्लंडातून येत.

मग विणकराने तेव्हाच दलालास रामराम का ठोकला नाही? पार्सलने माल जातो, पण मागणी यावी लागते. मागणी येण्यासाठी सूचिपत्र छापावे लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, आलेले पत्र वाचून उत्तर लिहावे लागते आणि चार प्रकारचा माल शिलकीत ठेवावा लागतो. अक्षरओळख व भांडवल या दोन्ही गोष्टी शहरातील दुकानदाराजवळ होत्या, मागावर बसणाऱ्याजवळ नव्हत्या. साधन सर्वांसाठी खुले होते. त्याचा फायदा ज्याला लिहिता येत होते त्याने घेतला.

सहकाराचा मार्ग त्यानंतरचा. १९०४ च्या कायद्याने पतपेढ्यांना व १९१२ च्या कायद्याने खरेदी-विक्री करणाऱ्या संस्थांनाही मान्यता मिळाली आणि विणकरांच्या सोसायट्या निघाल्या. एकत्र सूत घ्यावे, एकत्र विकावे, हा विचार उत्तमच होता. काही सोसायट्यांनी खरोखर काम केले, काहींच्या पाट्याच तेवढ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हातमाग व हस्तकलांसाठी अखिल भारतीय मंडळे स्थापन झाली, एम्पोरियम उघडली, प्रदर्शने भरली. १९८५ साली काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. ही दोन्ही मंडळे २०२० साली बरखास्त करण्यात आली.

दरम्यान मालेगावने आपली वाट बदलली होती. १९३०-४० च्या सुमारास वीज आणि यंत्रमाग आले आणि दोन पिढ्यांत हातमागाचा ठकठक आवाज जवळजवळ लोपला. यंत्रमागाने हजारो घरांना रोजी दिली, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आज मालेगावातून निघणारे पुष्कळसे कापड कोरे असते, ते रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे जाते आणि तेथून दुसऱ्याच नावाने बाजारात येते. लुगड्याला निदान मालेगावचे नाव होते. कोऱ्या थानाला ना गावाचे नाव ना विणणाऱ्याचे. येवल्याच्या मागांची संख्या मालेगावच्या मानाने अगदी अल्प. पण त्यांचे नाव टिकले आणि म्हणूनच मोबाईलचा जमाना आला तेव्हा विकावयास त्यांच्याजवळ काही होते.

नावाला कायद्याचे कवच मिळाले ते भौगोलिक निर्देशांकामुळे. हा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. पैठणीची त्याखाली नोंद झालेली आहे. मिरजेची सतार व तंबोरा यांना ही मान्यता २०२४ साली मिळाली, त्याचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी व शस्त्रे घडविणारे, त्यांना धार लावणारे मुसलमान. शस्त्रांचे दिवस सरल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानच्या आश्रयाने ती कला वाढली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांना तारा लावून मिरजेने साऱ्या देशाच्या मैफिली सजविल्या. आज तेथील वाद्यांना परदेशातूनही मागणी येते.

कवच असले तरी घाव बसतोच. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पायताणे दाखविली, त्यांच्या मूळ गावाचा उच्चारही न करता. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरांचे ऋण मान्य केले. कोल्हापुरी चपलेला निर्देशांक २०१९ पासून होता. पैठणीचे तर घरचेच दुखणे आहे. यंत्रावर निघालेली, पदराच्या उलट बाजूस सुटे धागे लोंबणारी साडी छायाचित्रात हुबेहूब अस्सलासारखी दिसते आणि 'येवला पैठणी' म्हणून दहाव्या हिश्शाच्या किमतीस विकली जाते. दुकानात बाई पदर उलटून पाहत असे. पडद्यावर पदर उलटत नाही! म्हणून जाणते विणकर आता उलट बाजूचे छायाचित्र आणि मागावर चाललेल्या कामाची चित्रफीत आधी पाठवितात, आणि २००६ साली सुरू झालेले हातमागाचे सरकारी चिन्ह दाखवितात.

२०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, दुकाने बंद झाली, साड्या मागावरून उतरून घरात पडून राहिल्या. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरून गिऱ्हाईक शोधण्यावाचून कित्येकांस गत्यंतर नव्हते. बहुतेक घरांत हे काम केले ते शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी. बाप विणी, मुलगी छायाचित्र काढून मजकूर लिही, पत्ता व पिनकोड तपासी. २०१६ पासून यूपीआय आल्यामुळे पैशाची अडचण उरली नव्हती. मोठ्या कंपन्यांच्या मंचावर विकावयाचे तर मात्र दलाली कापली जाते, परत आलेल्या मालाचा भुर्दंड बसतो आणि पैसे काही दिवसांनी मिळतात. म्हणजे रेशमाची रक्कम पुन्हा मध्येच अडकली. जुन्या पेढीवाल्याची आठवण होते ती येथे. फरक एवढाच, की पेढीवाला निदान समोर बसलेला दिसत असे.

पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून थांबतो. जी.एस.टी. आल्यापासून अशा मंचावर विकणाऱ्यास, उलाढाल कितीही लहान असली तरी, नोंदणी सक्तीची होती आणि घरगुती कारागीर तेथेच अडत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतील छोट्या विक्रेत्यास पॅन क्रमांकाच्या आधारे नावनोंदणीचा क्रमांक घेऊन, नियमित नोंदणीविना मंचावर माल विकण्याची सवलत मिळाली. मात्र ही सवलत आपल्या राज्यातल्या विक्रीपुरतीच आहे. येवल्याची साडी मंचामार्फत नागपुरास जाईल ती या सवलतीत बसते. त्याहून कितीतरी जवळच्या सुरतेस जाणारी बसत नाही.