घोडा, गवत आणि भोपाळचा धडा

घोडदळाचा इतिहास बहुधा तलवारीच्या पात्यावरून वाचला जातो. तो गवताच्या काडीवरूनही वाचता येतो. माळावर मोकळी चरणारी हजारो घोडी सांभाळणे ही लढाईइतकीच बिकट विद्या होती, आणि मराठ्यांनी ती कष्टाने कमावली होती.

१६७३ साली चिपळूणजवळ दळवटणे येथे छावणीस असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र या विद्येचा पहिला पाठ होय. साठविलेला दाणा व वैरण आजच मनमुराद उधळली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. त्याचा दोष अंमलदारांचा. शिपाई गावात शिरून कुणब्याचा दाणा, लाकूडफाटा, भाजीपाला ओरबाडू लागले, तर रयत परागंदा होईल. दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली, तरी गंजी भस्मसात होतील. एवढ्या बारकाव्याने महाराजांनी बजावले आहे. कळप, कुरण आणि कुणबी यांचा मेळ त्यांनी एकत्रच पाहिला.

दुसरा पाठ भोपाळचा. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्काला तेथे गाठले. निजामाजवळ भारी तोफखाना होता, पाठीशी भोपाळचा तलाव होता. बाजीरावाजवळ तट फोडणाऱ्या तोफा नव्हत्या. त्याने तटावर डोके आपटले नाही. चपळ घोडदळ सभोवार पसरून त्याने दाणावैरणीच्या वाटा रोखल्या. दक्षिणेतून निजामाला कुमक येऊ नये म्हणून चिमाजी आप्पा खानदेशात दक्ष होता. मराठ्यांची घोडी मोकळ्या मुलखात चरत होती. कोंडलेल्या सैन्याची जनावरे चाऱ्यावाचून खंगत होती. निजामाने तोफांसह बाहेर पडून पाहिले, परंतु अवजड लष्कराला पळ काढता येईना. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे त्याने तह केला. माळव्याचा आणि नर्मदा-चंबळांमधील मुलखाचा अधिकार, तसेच खर्चापोटी पन्नास लक्ष रुपये, त्याला कबूल करावे लागले.

तिसरा पाठ मात्र कटू आहे. अवघ्या तेवीस वर्षांनी पानिपतावर मराठेच कोंडले गेले. अवजड तोफखाना आणि बुणग्यांचा प्रचंड भार आता त्यांच्यामागे होता. दाणावैरण तोडणारा अब्दाली होता. १४ जानेवारी १७६१ रोजी रणात उतरलेली घोडी आधीच भुकेने निम्मी झाली होती. भोपाळला ज्या शस्त्राने विजय मिळविला, तेच शस्त्र आपल्यावर उलटले.

अमेरिकेत १९७१ च्या कायद्याने मोकाट घोड्यांच्या कळपांना संरक्षण मिळाले, तेव्हाही तोच जुना प्रश्न पुढे आला : कुरण किती आणि घोडी किती? घोड्यावर प्रेम करणे सोपे असते. त्याच्या उद्याच्या घासाची चिंता आज वाहणे कठीण. दळवटण्याच्या पत्रातील शहाणपण ज्याने ध्यानी धरले, तो तरला. ज्याला त्याचा विसर पडला, त्याचे शौर्यही उपाशी राहिले.