कात, डिंक आणि कामगाराचे बोट



आपल्यापैकी पुष्कळांनी जेवणानंतर पान खाल्ले असेल आणि त्या पानात कात असेल. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, तो काढा आटवून कात निघतो. कातकरी हे एका सबंध जमातीचे नावच त्या धंद्यावरून पडले. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याजवळ एका कुंभाराने हाच कात पाण्यात मऊ करून एका माणसाचे नाक बसविले. माझे आजचे बोलणे त्या कातापासून निघून दुकानात मिळणाऱ्या झटपट डिंकाच्या इवल्याशा ट्यूबपर्यंत यावयाचे आहे.

चालकांनी मला कामगार चळवळीवर बोलावयास सांगितले होते. मी विषय बदलून मागून घेतला, त्याचे कारण शेवटी कळेल. मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा औषधाची गोष्ट माझ्याकडून ऐकताना ती एका कामगाराची समजून ऐका.

आता पुण्याची हकीकत. १७९२ च्या लढाईत इंग्रज, पेशवे आणि निजाम एका बाजूस व टिपू सुलतान दुसऱ्या बाजूस होते. इंग्रजी फौजेबरोबर एक मराठा शेतकरी बैल हाकण्याच्या कामावर होता. कागदोपत्री त्याचे नाव कावसजी असे आहे. मराठा शेतकऱ्याला हे नाव जरा विचित्र वाटते; इंग्रजाच्या कानाने मूळ नावाचे काय केले असेल कोण जाणे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने १७९४ साली त्या गाडीवानाचे चित्र काढले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सगळी कृती छापून आली.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा करून तो नाकाच्या जागी बसवून पाहावयाचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. तेवढे कातडे सोडवावयाचे, पण दोन डोळ्यांच्या मध्ये त्याची एक पट्टी जोडलेली ठेवावयाची, म्हणजे रक्त चालू राहते. जुन्या नाकाच्या कडेला खाच पाडून, कपाळाचे कातडे पीळ देऊन खाली आणावयाचे आणि त्याची कड त्या खाचेत बसवावयाची. येथपर्यंत हाताचे कसब झाले. सांधा धरून कसा ठेवावयाचा? टाका घातल्याचे त्या वर्णनात नाही. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसविल्या. चार दिवस याखेरीज दुसरे काही लावले नाही. मग त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवली. सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती पट्टी कापून टाकली.

पुढे १८१४ साली लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने ही हिंदी रीत वापरून नाक केले, १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले, आणि तेथून ती युरोपात पसरली. डॉक्टरांची नावे छापली गेली, चित्रकाराचे नाव राहिले, गाडीवानाचे नाव वाकडेतिकडे का होईना राहिले. ज्याने नाक केले त्या कुंभाराचे नाव मात्र त्या लेखात नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवी नाही.

त्या वर्णनातली एक ओळ सहज वाचून सोडून देण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस रोग्याला उताणे निजवून ठेवीत. बैल हाकणारा माणूस, नाक बसेपर्यंत निजून! कात सांधा धरून ठेवतो. तो सांधा जुळविते ते शरीर, आणि त्या शरीराला स्वस्थता लागते. कुंभाराला हे ठाऊक होते. माझे सारे म्हणणे या निजण्यापाशी येऊन थांबते.

ही विद्या आकाशातून पडली नव्हती. सुश्रुतसंहितेत जखम शिवण्याविषयी सविस्तर सांगितले आहे. तागाचा, क्षौमाचा बारीक दोरा, झाडाच्या सालीचे तंतू, स्नायू, केस एवढे प्रकार शिवण्याला सांगितले आहेत. सरळ, तिधारी आणि धनुष्यासारखी वाकडी अशा सुया सांगितल्या आहेत. आतड्याला भोक पडले तर काळ्या मुंग्यांकडून त्याच्या कडा चाववून घ्याव्या आणि मुंग्यांची धडे तोडून डोकी तशीच राहू द्यावी, असाही उपाय आहे. हे वाचून लोक थक्क होतात. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते याच्या आधीचे. जखमेतली धूळ, केस, नख, सुटलेला हाडाचा तुकडा काढल्याशिवाय शिवू नये, नाहीतर ती जखम पिकते, असे तेथे स्पष्ट बजाविले आहे. आधी साफ करा, मग मिटवा. हा क्रम उलटा केला की मिटविण्याचे साधन कितीही उत्तम असले तरी ते घाण आत कोंडण्याचे साधन होते.

आपल्या भागातल्या आयाबायांनीही चिकट पदार्थांचा उपयोग ओळखला होता. पऱ्हाटीत वेचणी करताना बोंडाच्या टोकाने बोट फाटते, विळा लागतो. माझी माय बांधावरची कंबरमोडी चुरगळून तिचा रस पिळायची. टाचेच्या भेगांत वडाचा चीक भरायची. तो वाळला की पापुद्रा धरी आणि भेगेत माती जात नसे. मोगली एरंडाचा चीकही असाच वाळून बसतो. बिब्ब्याचे तेलही लोक भेगेत घालीत, पण बिब्बा उततो, अंगावर फोड आणतो. शेण, राख, चुलीची काजळी हे तर सरळ धनुर्वाताला आमंत्रण. जुने ते सगळेच सोने नसते.

चिकटपट्टीची गोष्ट मी लांबवीत नाही. एवढेच सांगतो, की १९२० साली अमेरिकेत अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थाने चिकटपट्टीवर मधोमध कापडाची घडी ठेवून बँड-एड केली. त्याच्या बायकोची बोटे स्वयंपाकघरात वरचेवर कापत. हा डिक्सन जॉन्सन आणि जॉन्सन कंपनीचा कापूस-खरेदीदार होता. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात हे सांगावेसे वाटले, म्हणून सांगितले.

झटपट डिंकाचा जन्म मात्र लढाईच्या कामात झाला. १९४२ साली ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. सायनोॲक्रिलेट हा पदार्थ त्याच्या हाती आला, पण तो ज्याला त्याला चिकटू लागला, म्हणून कंटाळून सोडून दिला. १९५१ साली टेनेसीत त्याचा सहकारी फ्रेड जॉयनर याने तोच पदार्थ एका महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये घातला आणि ते लोलक सुटेनात. तेव्हा कूव्हरच्या ध्यानात आले की हा दोष नसून हाच गुण आहे. १९५८ साली तो डिंक 'ईस्टमन ९१०' या नावाने बाजारात आला.

हा डिंक वाळत नाही. तो ओलाव्याने जुळतो. पृष्ठभागावरचा नुसता दमटपणा लागला की त्याचे सुटे कण एकमेकांचे हात धरून लांब साखळी करतात, आणि हे होताना उष्णता निघते. माणसाचे कातडे दमट असते, म्हणून बोटे इतकी पटकन चिकटतात. १९६६ साली व्हिएतनामच्या लढाईत खास पथकातल्या शल्यवैद्यांनी रक्तस्राव थांबविण्यासाठी याच जातीचा डिंक फवारला, जेणेकरून जखमी शिपाई शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जिवंत पोहोचावा. येथे डिंक हा इस्पितळाच्या वाटेवरचा मुक्काम होता.

दुकानातला डिंक बहुधा इथाइल जातीचा असतो. त्याची साखळी अंगात लवकर तुटते आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड निघते. मांसाला ते बाधते. म्हणून शास्त्रज्ञांनी ब्युटाइल आणि ऑक्टाइल ही सावकाश तुटणारी जात तयार केली. ऑक्टाइल जातीच्या डिंकाला अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली कातडे मिटविण्यासाठी मान्यता दिली. आता आपल्याकडेही लहान मुलाच्या कपाळाची खोक डॉक्टर पुष्कळदा टाके न घालता अशा डिंकाने बंद करतात. पोर रडत नाही आणि आईही रडत नाही. पण ते तो कसा लावतात ते पाहा. जखम धुतात, रक्त थांबवितात, दोन्ही कडा बोटांनी जुळवून धरतात आणि डिंक वरून फिरवितात, आत जाऊ देत नाहीत. पाच ते दहा दिवसांत तो पापुद्रा आपोआप गळतो. सांध्यावर, चावलेल्या जखमेवर, खोल टोचलेल्या किंवा घाण गेलेल्या जखमेवर ते तो सहसा लावीत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यात प्रत्येक घरी माहीत असावयास हवी. दुकानातला झटपट डिंक कापसावर सांडला की तो फार वेगाने जुळतो. तंतूंचा पसारा मोठा, त्यात मुरलेला दमटपणा. क्षणात कातडे भाजेल इतकी उष्णता निघते, धूरही येतो. म्हणजे रक्त थांबविण्यासाठी कापूस दाबावा आणि वर हा डिंक ओतावा, ही कल्पना विस्तवाशी खेळण्याची आहे.

ही कल्पना मला माहीत आहे, कारण ती मी पाहिली. आपल्या भागातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठ आवळताना लोखंडी पट्टी सुटली आणि एका विशीतल्या पोराच्या तर्जनीच्या पेरावर बसली. प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप होते. मुकादमाच्या खणात ट्यूब होती. मुकादमाने समोरची रुई दाबली आणि वर डिंक ओतला. पोरगा ओरडला तो पट्टीने नव्हे, चटक्याने. संध्याकाळी मी गेटवर भेटलो तेव्हा तो कामावरच होता. मी म्हटले, "बाबू, घरी जाऊन नीज." तो म्हणाला, "भाऊ, सुट्टी घेतली तं रोजी जाते. चिकटलं आहे आता."

मी जास्त बोललो नाही. खरे सांगायचे तर मीच त्याआधी कधीतरी माझ्या अंगठ्याला तसा डिंक लावला होता आणि 'फार कामाची चीज आहे' असे चार लोकांत म्हटले होते. माझी चीर कागदाची, स्वच्छ होती. त्याची पट्टी गंजलेली होती. चौथ्या दिवशी बोट सुजून ठणकू लागले. डॉक्टरांनी ते उघडले तेव्हा पुवात रुईचे तंतू होते. बोट वाचले, पेर पूर्वीसारखे वाकत नाही.

नंतर मी अपघाताची वही मागितली. त्या तारखेला नोंद नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे, अपघातानंतर लगेच कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने अपघाताची खबर द्यावयाची असे. हा तर दुसऱ्या दिवशी हजर होता! १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही अपंगत्व तीन दिवसांपेक्षा जास्त टिकले तरच हक्क सुरू होई, आणि पोरगा चौथ्या दिवशी झोपला तेव्हा 'हे घरी कापले' असे उत्तर तयार होते. पाच रुपयांच्या डिंकाने जखमेबरोबर तो दिवसही मिटवून टाकला. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या संहितांत गेले आहेत. माझी जुनी पुस्तके कपाटात आणि नवी टेबलावर असे सध्या चालले आहे.

कुणी म्हणेल, मग डिंक वाईट का? मुळीच नाही. डॉक्टरच्या हातातला डिंक ही गरिबाला मोठी सोय आहे. टाके काढावयाला पुन्हा यावे लागत नाही, म्हणजे एक रोजी वाचते. घरी भाजी चिरताना चीर पडली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उचलता दाबा, पट्टी लावा. कडा फाकत असतील, बोट वाकत नसेल, बधिर असेल किंवा गंजके काही लागले असेल तर दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या सुईचे विचारा. ट्यूब चपलेसाठी ठेवा.

त्या कारखान्यात पुढे दोन बैठका झाल्या. पोराला बावीस दिवसांची रोजी मिळाली. नोंद शेवटपर्यंत झाली नाही. दर १५० कामगारांमागे एक पेटी, आणि ती कामाच्या सर्व वेळेत सहज हाताशी असावी, असे १९४८ च्या कायद्यातच होते. आता तेथे साबण, सलाइनच्या बाटल्या, पट्ट्या असलेली नवी पेटी भिंतीवर लागली आहे. तिची किल्ली मात्र अजून मुकादमाच्या खणात, त्या ट्यूबशेजारी असते. ती पेटीलाच दोरीने बांधून ठेवावी, एवढी आमची पुढची मागणी आहे.