न आलेल्या पार्सलचा इतिहास

पैसे गेले, वस्तू आली नाही. ऑनलाइन खरेदीत होणाऱ्या फसवणुकीचं सगळ्यात साधं रूप हे एवढंच. सातशे नव्व्याण्णवचे बूट, चौदाशेची साडी, अडीच हजारांचे इयरफोन. पहिले चार दिवस विक्रेता ‘डिस्पॅच झालंय’ म्हणतो, पाचव्या दिवशी मेसेजवर एकच टिक दिसते, आणि दहाव्या दिवशी आपण ‘जाऊ दे’ म्हणून विषय सोडून देतो. रक्कम अशी असते की वकील करावा इतकी मोठी नाही आणि विसरून जावी इतकी लहानही नाही. नुकतीच नोकरी लागलेल्या किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणासाठी हा महिन्याच्या मेसचा हिशोब असतो.

आपल्याला वाटतं ही इंटरनेटची देणगी आहे. पण जिथे विकणारा आणि घेणारा एकमेकांना दिसत नाहीत, तिथे हा प्रश्न कायमच होता. पैसे आधी द्यायचे की माल आधी पाठवायचा? जो आधी हात पुढे करतो, जोखीम त्याची. या पेचावर माणसांनी वेळोवेळी जे तोडगे काढले त्यांचा इतिहास रंजक आहे, आणि तो माहीत असला की आज पैसे कुठून परत मिळू शकतात आणि कुठून नाही हेही कळतं.

बुडालं जहाज, बुडाली हुंडी

हुंडी हा शब्द आपल्याला माहीत असतो, पण तिचे प्रकार सहसा नसतात. दाखवल्याबरोबर पैसे द्यावे लागतात ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या मुदतीनंतर पैसे मिळतात ती मुदती. हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पैठ, तीही हरवली तर परपैठ. यातलाच एक प्रकार आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे : जोखमी हुंडी.

समजा, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरातून एका व्यापाऱ्याने मुंबईच्या व्यापाऱ्याला जहाजाने कापूस पाठवला. पाठवणाऱ्याला पैसे लगेच हवेत, घेणारा माल पाहिल्याशिवाय द्यायला तयार नाही. मग पाठवणारा घेणाऱ्याच्या नावे एक हुंडी लिहितो आणि ती गावातल्या सराफाला थोड्या कमी किमतीत विकतो. त्याला पैसे मिळाले. सराफ ती हुंडी मुंबईत आपल्या माणसाकडे धाडतो. माल सुखरूप पोचला तर मुंबईचा व्यापारी पूर्ण रक्कम देतो. जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. घेणाऱ्याला एक पैसाही द्यावा लागत नाही आणि नुकसान सराफाचं होतं.

सराफ हे उपकार म्हणून करत नसे. त्याने हुंडी ज्या कमी किमतीत घेतली, त्या फरकात जोखमीची किंमत धरलेलीच असे. म्हणजे उधारी आणि विमा, दोन्ही एकाच कागदात. आणि वस्तू पोचली नाही तर घेणाऱ्याचे पैसे जात नाहीत हे त्या कागदाच्या स्वभावातच होतं, त्यासाठी कुणाकडे तक्रार करावी लागत नव्हती.

मी ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर लिहितो त्यात प्रत्येक ऑर्डरला एक ‘स्टेट’ असते : पैसे आले, माल निघाला, माल पोचला. पैसे शेवटी कोणाचे हे त्या स्टेटवर ठरतं. जोखमी हुंडीने हेच काम संगणकाशिवाय केलं होतं. फक्त ती ओळखीच्या जगात चालायची. सराफ दोन्ही व्यापाऱ्यांना ओळखत असे, आणि बाजारात पत गेली की धंदा गेला. सामान्य गिऱ्हाईक या व्यवस्थेच्या बाहेरच होतं.

व्ही.पी. आली!

सामान्य गिऱ्हाइकासाठी मधला माणूस झाला पोस्टमन. १८७७ साली हिंदुस्थानच्या टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची ‘व्ही.पी.’ सुरू केली. विक्रेता पार्सल पोस्टात देणार, पोस्टमन ते घरी आणणार, आपण त्याच्या हातात पैसे ठेवणार, आणि पोस्ट ते विक्रेत्याला पोचवणार. अमेरिकेच्या टपाल खात्याने अशी सेवा सुरू केली १९१३ साली, म्हणजे आपल्यानंतर ३६ वर्षांनी. पुस्तकं, औषधं, घड्याळं व्ही.पी.ने गावोगाव जाऊ लागली. मराठी नियतकालिकांच्या वर्गणीचाही हा जुना मार्ग. वर्गणी संपली की पुढचा अंक व्ही.पी.ने यायचा, आणि वाचकाने ती ‘सोडवून’ घ्यायची किंवा परत पाठवायची.

वस्तू आलीच नाही तर पैसे द्यायचा प्रश्नच नव्हता. पण व्ही.पी.ला एक भोक होतं : आधी पैसे, मग पाकीट उघडायचं. आत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळणार. घड्याळाच्या खोक्यात भलतंच काही निघणं किंवा न मागवलेलं पार्सल दारात येणं हे प्रकार तेव्हाही शक्य होते. म्हणून कायदा त्यावर बोलत होता. १८९८ च्या टपाल कायद्यातल्या व्ही.पी.च्या कलमांत दोन तरतुदी होत्या. एक, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवत आहे असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याचा नियम सरकार करू शकत असे. दुसरी जास्त महत्त्वाची : फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम पोस्टाने अडवून ठेवावी आणि ती पत्ता असलेल्या माणसाला, म्हणजे आपल्याला, परत द्यावी असेही नियम करता येत होते.

आज क्रेडिट कार्डवाले ज्याला ‘चार्जबॅक’ म्हणतात त्याची ही कल्पना. ती शक्य होती, कारण पैसे पोस्टमनच्या हातातून निघून विक्रेत्याच्या हाती पडेपर्यंत मध्ये काही काळ पोस्टाकडे असत. मधला काळ, मधला माणूस. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पोस्टाबाहेर मात्र अवघड होतं. १९३० चा वस्तुविक्री कायदा तत्त्व छान सांगतो : दुसरं काही ठरलेलं नसेल तर माल देणं आणि पैसे देणं एकाच वेळी व्हायला हवं. पण तोच कायदा पुढे असंही म्हणतो की विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला, की तो सकृद्दर्शनी गिऱ्हाइकालाच दिला असं धरायचं. ‘आम्ही कुरिअरला दिलं, आता तुम्ही त्यांच्याशी बोला’ या वाक्याचा वंशवृक्ष असा जुना आहे. आणि दाद मागायची तर दिवाणी न्यायालयात. चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी कोण जाणार?

१९७४

हे साल तीन ठिकाणी महत्त्वाचं ठरलं. अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग कायदा झाला. ठरल्याप्रमाणे न पोचलेल्या वस्तूचे पैसे कार्डाच्या बिलात लागले तर ती ‘बिलातली चूक’ मानायची, आणि ग्राहकाने ६० दिवसांत लेखी कळवलं तर कार्ड कंपनीने चौकशी करायची, असं त्यात आलं. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याचं ७५वं कलम आणखी पुढे गेलं : ठरावीक रकमेच्या खरेदीत विक्रेत्याइतकीच जबाबदारी उधारी देणाऱ्या कंपनीचीही. बँक फक्त पैसे पोचवणारी राहिली नाही, तीही जामीन झाली.

आणि तिसरं ठिकाण पुणे. तिथे १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. त्याआधी १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कंझ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली होती, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. आपल्याकडे तेव्हा सामान्य लोकांच्या हाती कार्डं नव्हती. होती ती टंचाई, भेसळ आणि वजनात मारणारे दुकानदार. त्यामुळे इथली वाट वेगळी झाली. घरोघरच्या लोकांनी एकत्र येऊन सामूहिक खरेदी करायची, आणि सरकारकडे ग्राहकासाठी वेगळा कायदा मागायचा.

तो कायदा १९८६ मध्ये झाला. २४ डिसेंबरला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो आपला राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा तीन पायऱ्या. सुरुवातीला एक लाखापर्यंतची तक्रार जिल्हा मंचाकडे. वकील सक्तीचा नाही, सुरुवातीला शुल्कही नव्हतं. फसलेल्या सामान्य माणसाला आपलं म्हणणं साध्या कागदावर मांडता येऊ लागलं. हे आज नेहमीचं वाटतं, पण त्यासाठी बारा-पंधरा वर्षं माणसांनी सभा घेतल्या होत्या.

पुन्हा पोस्टमन

मग ऑनलाइन दुकानं आली. लोकांना साइटवर कार्डाचा नंबर टाकायची भीती वाटत होती, आणि बहुतेकांकडे कार्डच नव्हतं. २०१० मध्ये फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली आणि खरेदीचा वेग बदलला. पण ही युक्ती नवी नव्हती. पोस्टमनच्या जागी डिलिव्हरी बॉय आला, एवढंच. जुनं भोकही तसंच राहिलं, खोक्यात साबण किंवा वीट निघाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

कार्ड आणि नेटबँकिंगने आगाऊ पैसे देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने वेगळी सोय केली. आपण पैसे भरतो ते आधी पेमेंट ॲग्रिगेटरकडे जातात. मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे पैसे त्याने एस्क्रो खात्यात, म्हणजे स्वतःला हात लावता येणार नाही अशा वेगळ्या खात्यात ठेवायचे. विक्रेत्याला ते कधी द्यायचे याची घड्याळंही त्या सूचनांनी ठरवून दिली होती : माल पोचवायची जबाबदारी ॲग्रिगेटरची असेल तर माल निघाल्याचं कळल्यापासून एका दिवसात, विक्रेत्याची असेल तर माल पोचल्याचं कळल्यापासून एका दिवसात, आणि परतीची मुदत संपेपर्यंत पैसे ठेवायचे असा करार असेल तर ती मुदत संपल्यावर एका दिवसात. सूचनांचा तो तक्ता वाचताना मला जोखमी हुंडी आठवली. जहाज पोचलं का? मग पैसे.

त्याच वर्षी जुलैत २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा अमलात आला आणि पाठोपाठ ई-कॉमर्सचे नियमही. त्यातल्या तीन गोष्टी तोंडपाठ असाव्यात अशा आहेत. पहिली, प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा. दुसरी, सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आलेला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, अर्थात पूर-वादळासारखं कारण नसेल तर. तिसरी सगळ्यात मोठी : तक्रार आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असला तरी लातूरच्या मुलीने लातूरलाच दाद मागायची. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अनेकदा तेवढ्यानेच कंपनी हलते. नाही हललं तर ई-जागृती पोर्टलवरून आयोगात घरबसल्या तक्रार दाखल होते.

मधला माणूस कुठे गेला?

आता अडचणीची गोष्ट. वर सांगितलेले सगळे तोडगे एका खांबावर उभे आहेत : पैसे काही काळ तिसऱ्याच्या हातात असतात. सराफ, पोस्ट, कार्ड कंपनी, एस्क्रो. पण इन्स्टाग्रामवरचं पेज ‘या क्यूआरवर पाठवा, स्क्रीनशॉट टाका’ म्हणतं, तेव्हा तो खांबच काढून घेतलेला असतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं ते पैसे तत्काळ पोचावेत म्हणून, आणि ते काम ते उत्तम करतं. नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या पैशाबद्दल निदान ॲपमधून आणि बँकेकडे वाद उपस्थित करता येतो. व्यक्तीच्या खात्यात गेलेले पैसे मात्र बँकेच्या लेखी तुम्ही मित्राला पाठवलेल्या पैशांसारखेच असतात. तिथे दुकान नाही, ऑर्डर नाही, माल पोचला की नाही ही स्टेटच नाही.

इथे बँकेच्या नियमांबद्दल बराच गोंधळ असतो. पैसे कापले गेले पण व्यापाऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत, तर ते ठरलेल्या दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा तो नियम अडकलेल्या व्यवहारांसाठी आहे. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा २०१७ चा नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. तुम्ही स्वतः पिन टाकून ठगाला पैसे दिलेत तर यातलं काहीच थेट लागू होत नाही. तिथे १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता आले तर आशा असते, म्हणून इथे तास मोजायचे असतात. पोलिसांत जाताना भारतीय न्याय संहितेचं ३१८वं कलम, म्हणजे जुनं ‘चारसोबीस’, लक्षात असू द्या.

कार्ड असेल तर बँकेला लेखी कळवून ‘वस्तू मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक मागा. विक्रेता ‘दोन दिवस थांबा’ म्हणत राहतो त्यामागे बहुधा हिशोब असतो, तुमची मुदत टळावी हा. त्याच्याशी सगळं बोलणं लेखी ठेवा, जाहिरातीचा आणि पेजच्या नावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पेज उद्या नसेल.

आणि गप्प बसू नका, हे मी रकमेसाठी म्हणत नाही. ‘स्वस्तात मिळतंय म्हणून गेलास ना?’ असं घरचे म्हणतील या लाजेने कितीतरी मुलं-मुली तक्रारच करत नाहीत. असे हजार गप्प लोक, प्रत्येकाचे सातशे नव्व्याण्णव, की ठगाची नोकरी पक्की झाली. १९७४ च्या पुण्यातल्या माणसांना हेच उमगलं होतं. एकट्याची फसवणूक किरकोळ दिसते, नोंद झालेल्या शंभर फसवणुकी कायदा घडवतात. क्यूआरवाल्या दुकानांसाठी तसा तोडगा अजून निघायचा आहे, आणि तो तुमच्या-माझ्या तक्रारींतूनच निघेल. तोवर पैसे पाठवायच्या आधी एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात : वस्तू हातात पडेपर्यंत माझे पैसे कोणाकडे असणार आहेत?