दोन गारगोट्या, चोवीस काडतुसे
चांगली मस्केट बंदूक, संगीन आणि तिचा पट्टा, दोन जादा गारगोट्या, पाठीवरची पडशी, आणि किमान २४ काडतुसांची पेटी बसवलेला बटवा. अमेरिकेच्या काँग्रेसने ८ मे १७९२ रोजी केलेल्या कायद्यातली ही यादी. ज्याच्याकडे मस्केट नसून रायफल असेल त्याने दारूचे शिंग, २० गोळ्या आणि पाव पौंड दारू बाळगावी, अशी सवलतही त्यात होती. हे सगळे सामान सहा महिन्यांच्या आत, ज्याचे त्याने पदरमोड करून आणायचे होते.

त्या काळी बंदुकीच्या घोड्यात गारगोटी धरलेली असे. चाप ओढला की ती पोलादावर आदळे, ठिणगी पडे आणि कानातली दारू पेटे. काही डझन बार झाले की गारगोटीची धार जाई आणि बंदूक फुसकी ठरे. म्हणून दोन जादा. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, आत मोजून घातलेली दारू आणि गोळी. शिपाई ती दाताने फोडी, चिमूटभर दारू कानात टाकी, उरलेली नळीत ओती आणि गोळी गजाने ठासून बसवी. कायदा करणाऱ्यांना लढाईचा हा तपशील नीट ठाऊक होता. पाच वर्षांनंतर अशा सर्व मस्केट बंदुकांची नळी पौंडाला १८ बसणाऱ्या गोळीच्या मापाचीच असावी, असेही त्यांनी लिहून ठेवले होते.

मराठी वाचकाला हे वाचताना शिलेदार आठवावा. आपल्या फौजेत बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार घरचे. पण घरचे आणतो म्हणून शिलेदाराचा पगार बारगिरापेक्षा जास्त असे. अमेरिकेच्या या कायद्याने १८ पूर्ण आणि ४५ च्या आतल्या धडधाकट नागरिकांना एका फटक्यात शिलेदार केले. पगार मात्र मुलूखगिरीवर बोलावले तरच.

असे का केले, याचे मूळ धास्तीत आहे. इंग्रजांच्या खड्या फौजेने बोस्टनच्या रस्त्यांवर काय केले ते त्या पिढीने पाहिले होते. बारमाही पगारी सैन्य म्हणजे राजाच्या हातातला सोटा, ही समजूत खोल रुजलेली. फौज नको तर सरहद्द कोण राखणार? उत्तर जुने होते: गावातल्या पुरुषांनीच. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३६ मध्येच अशा गावकऱ्यांच्या पलटणी उभ्या केल्या होत्या, आणि त्यामागची रीत इंग्लंडमधल्या ११८१ च्या राजाज्ञेपर्यंत जाते. दुसऱ्या हेन्रीने तेव्हा प्रत्येक स्वतंत्र माणसाने ऐपतीप्रमाणे हत्यार बाळगावे असे फर्मावले होते.

युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांनी जानेवारी १७९० मध्ये काँग्रेसपुढे वेगळा आराखडा ठेवला होता. वयाप्रमाणे तीन वर्ग करावेत आणि सर्वांत तरुण वर्गाला छावणीत नेऊन सरकारी खर्चाने खरे शिक्षण द्यावे, असा. खर्चाला भिऊन तो बाजूला पडला. पुढे ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाश नदीकाठी मायामींचा नायक लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांनी अमेरिकी जनरल सेंट क्लेअरची फौज पहाटे गाठली आणि सहाशेहून अधिक सैनिक मारले. आपल्याच भूमीसाठी लढणाऱ्या मूळ रहिवाशांनी त्या सैन्यावर मिळवलेला हा फार मोठा विजय. तेव्हाच्या राजधानीला, फिलाडेल्फियाला, धक्का बसला, आणि जे काम दोन वर्षे रेंगाळले होते ते मे महिन्यात दोन कायद्यांनी उरकले.

पहिला कायदा २ मेचा. राज्यांची मिलिशिया, म्हणजे अशा गावकऱ्यांची फौज, राष्ट्राध्यक्षाने केव्हा बोलवावी, याचा. परचक्र आले तर त्याने सरळ बोलवावी. पण देशातलेच लोक कायदा जुमानत नसतील, तर आधी न्यायाधीशाने तसे कळवायचे, मग राष्ट्राध्यक्षाने जाहीरनामा काढून लोकांना घरी परतायला सांगायचे, आणि मगच फौज हलवायची. एका माणसाला वर्षात तीन महिन्यांहून अधिक राबवायचे नाही. मला या दोन कायद्यांतले हे कलम सर्वांत शहाणे वाटते. १७९४ मध्ये मद्यावरच्या कराविरुद्ध पश्चिम पेनसिल्व्हेनिया पेटला, तेव्हा ते अक्षरशः पाळले गेले: न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांचे पत्र ४ ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांचा जाहीरनामा ७ ऑगस्टला, आणि त्यानंतर चार राज्यांतून सुमारे १३,००० माणसे. वॉशिंग्टन स्वतः घोड्यावर बसून बेडफर्डपर्यंत गेले. बंड लढाईविनाच विरले. दुसऱ्याच वर्षी, १७९५ मध्ये, नवा कायदा आला आणि न्यायाधीशाच्या पत्राची अट त्यातून वगळली गेली. मला त्याचे वाईट वाटते.

८ मेच्या दुसऱ्या कायद्यात, हत्यारांच्या यादीच्या शेवटी, एक कनवाळू वाक्य आहे: हे सामान कर्जापोटी किंवा करापोटी जप्त करता येणार नाही. पाचच वर्षांपूर्वी मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने नाडलेल्या शेतकऱ्यांनी डॅनियल शेज यांच्या मागे उठून न्यायालये बंद पाडली होती. जप्ती म्हणजे काय, हे त्या देशाला ताजे ठाऊक होते. गाय जाईल, नांगर जाईल, बंदूक राहील.

पण बंदूक आणली नाही तर काय, याचे उत्तर केंद्राच्या या कायद्यात नव्हते. दंड नाही आणि अनुदानही नाही. सगळे राज्यांवर सोडलेले. हाताने घडवलेली बंदूक गरीब शेतकऱ्याला परवडणारी नव्हती. कप्तानाने आपल्या हद्दीतल्या माणसांची नावे वहीत चढवायची, ठरल्या दिवशी मैदानात हजेरी घ्यायची आणि सामान तपासायचे. या हजेरीला मस्टर म्हणत. कारखान्यात किंवा रोजगार हमीच्या कामावर आपण ज्या मस्टरवर अंगठा उठवतो, तोच हा शब्द. त्याचे लॅटिन मूळ ‘दाखवणे’ या अर्थाचे आहे. दाखवायला मात्र कित्येकांकडे काठी नाहीतर मक्याचे ताटच असे. हळूहळू मस्टरचा दिवस जत्रेसारखा झाला, खाण्यापिण्याचा आणि भेटीगाठींचा. १८०८ मध्ये काँग्रेसने मिलिशियाच्या हत्यारांसाठी दरवर्षी २,००,००० डॉलर बांधून दिले, म्हणजे पदरमोडीचे तत्त्व सोळा वर्षांत ढिले पडले. इंग्रजांशी झालेल्या १८१२ च्या युद्धात न्यूयॉर्कचे मिलिशियावाले नायगारा नदीच्या काठावर उभे राहिले आणि पलीकडे कॅनडात जायला त्यांनी नकार दिला. समोर क्वीन्स्टन येथे त्यांचेच सोबती हरत होते. तरीही हा कायदा १९०३ पर्यंत पुस्तकात राहिला. त्या वर्षी ओहायोच्या चार्ल्स डिक यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि नॅशनल गार्डला, म्हणजे राज्यांच्या संघटित मिलिशियाला, केंद्राकडून हत्यारे मिळू लागली.

बंदुका, गारगोट्या, पाठपिशव्या कोणी फारशा आणल्या नाहीत. याच कायद्यातला एक शब्द मात्र काटेकोर पाळला गेला. यादीत नाव कोणाचे घालायचे? ‘स्वतंत्र, धडधाकट, गोऱ्या पुरुष नागरिकाचे’. अवघ्या दहा-अकरा वर्षांपूर्वी ऱ्होड आयलंडच्या पहिल्या पलटणीत काळे सैनिक यॉर्कटाउनपर्यंत लढत गेले होते. त्यांतल्या कित्येकांना स्वातंत्र्याच्या वचनावर गुलामीतून भरती केले होते. त्यांच्या हयातीतच हा शब्द कायद्यात आला. मला यापेक्षा कृतघ्न विशेषण दुसरे सापडत नाही.

आणि ते निपचित पडून राहिले नाही. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी काळी माणसे अमेरिकेची नागरिक नाहीत असा निकाल दिला, तेव्हा पुरावा म्हणून त्यांनी १७९२ चा मिलिशिया कायदाही पुढे केला. देशाचे रक्षण करण्याच्या यादीतच ज्यांना धरले नाही ते नागरिक कसे, असा तो युक्तिवाद. आधी वहीतून नाव वगळायचे आणि मग तीच वही दाखवायची.

यादवी युद्ध ऐन भरात असताना, १७ जुलै १८६२ रोजी, मिलिशियाच्या नव्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या माणसांना सेवेची वाट उघडली. त्यातही महिना १० डॉलर, पैकी ३ कपड्यांत वळते. गोऱ्या शिपायाला १३, शिवाय कपडे. युद्धखात्याने हेच कलम मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या काळ्या पलटणीलाही लावले. तिच्या शिपायांनी जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅग्नरच्या तटावर चढाई करून आपली माणसे गमावली, आणि पगाराच्या दिवशी कमी पैसे घ्यायला नकार दिला. राज्याने वरचा फरक देऊ केला, तोही त्यांनी घेतला नाही. घरी बायकामुले उपाशी असल्याची पत्रे येत होती. जून १८६४ मध्ये काँग्रेसने पगार समान केला, तोवर ते बिनपगारी लढत राहिले.