आवर घालणाऱ्या पेशी

आमवाताने वाकडी झालेली बोटे आपण घरीदारी पाहिलेली असतात. या आजारात शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर तुटून पडतात. मग हे आपल्या सर्वांनाच का होत नाही? उत्तर सापडायला काही दशके लागली.

१९६९ मध्ये जपानच्या निशिझुका आणि साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस ग्रंथी काढली. छातीतली ही ग्रंथी म्हणजे टी-पेशींची शाळा. पुढे माद्यांचे बीजांडकोश खुरटले. शरीरानेच त्यांच्यावर हल्ला केला होता, हे नंतर उमगले. म्हणजे थायमसमधून हल्ला रोखणारेही कुणी बाहेर पडत असले पाहिजे.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत रिचर्ड गेर्शन यांनी अशा 'दमनकारी' टी-पेशींची कल्पना मांडली. पण ऐंशीच्या दशकात त्यांचे जनुक सांगितलेल्या जागी सापडेना. विषयच बदनाम झाला. शिमोन साकागुची मात्र चिकाटीने काम करत राहिले. १९९५ मध्ये त्यांनी सीडी-२५ ही खूण असलेल्या नियामक टी-पेशी दाखवून दिल्या. या पेशी इतर टी-पेशींना वाढीसाठी लागणारे इंटरल्यूकिन-२ स्वतःच शोषून घेतात, शिवाय हल्ला थंडावणारी रसायने सोडतात.

माणसातला पुरावा २००१ मध्ये मिळाला. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी उंदरांत फॉक्सपी-३ हे जनुक शोधले. हेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, तीव्र अतिसार आणि इसब होतो. नियामक पेशी घडतात त्या याच जनुकामुळे, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. साकागुचींसह या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले.

या कथेत पुण्याचाही धागा आहे. विद्यापीठाच्या गणेशखिंड आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी आणि सहकाऱ्यांनी आमवातासारखा आजार झालेल्या उंदरांना इंटरल्यूकिन-३ दिले. नियामक पेशी वाढल्या, सांध्यांचा दाह कमी झाला. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

उंदरात साधले ते माणसात साधेलच असे नाही. शिवाय याच पेशींच्या आडोशाने कर्करोगाच्या गाठी वाढतात. त्यामुळे आवर किती घालायचा, हे ठरवणे अवघड आहे. मात्र ज्या प्रश्नाचे एकेकाळी नावही नकोसे झाले होते, त्यावर आज आमवाताच्या रुग्णांची आशा टेकलेली आहे.